गोळी सुरू झाली, तरी इंजेक्शन का?

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल ही गोळी सुरू करताना डॉक्टर हेपरिनची इंजेक्शनेही देतात. गोळी सुरू झाली, मग इंजेक्शन कशाला, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण गोळीचा पूर्ण परिणाम पहिल्या दिवशी होत नाही.

यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने काही गोठणघटक (रक्त गोठवणारी प्रथिने) तयार करते. गोळी ही नवी निर्मिती कमी करते. रक्तात आधीच असलेले घटक मात्र सावकाश संपतात. गच्चीवरच्या टाकीत येणारे पाणी बंद केले, तरी साठलेले संपेपर्यंत नळ चालतोच, तसे हे आहे. शिवाय सुरुवातीलाच गुठळी रोखणारे ‘सी’ प्रथिनही घटते. म्हणून लगेच काम करणारे हे इंजेक्शन किमान 5 दिवस आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे प्रमाणित माप) निदान 24 तास 2 किंवा अधिक राहीपर्यंत चालू ठेवतात. निरोगी माणसात हा आकडा 1च्या आसपास असतो. अशा उपचारात तो 2 ते 3 ठेवतात.

आकडा लवकर वाढावा म्हणून स्वतःहून जादा गोळी घेऊ नये. तिचा परिणाम काही दिवसांनी रक्तस्रावाच्या रूपाने दिसू शकतो. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व असले, तरी त्या सोडण्याची गरज नाही. त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शौचाला काळी झाल्यास, लघवीतून रक्त आल्यास किंवा डोक्याला मार लागल्यास लगेच रुग्णालय गाठावे.