सिनेमा ‘लागू’ नये म्हणून...

घाटात एसटी वळणे घेऊ लागली की काहींना ‘गाडी लागते’. तोंडाला पाणी सुटते, घाम फुटतो, पोटात ढवळू लागते. मग कुणी आवळासुपारी पुढे करते, कुणी लिंबू हुंगायला देते. हाच त्रास खोलीत खुर्चीवर स्वस्थ बसलेल्या माणसालाही होऊ शकतो. त्यासाठी डोळ्यांवर व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून चुकीच्या पद्धतीने केलेली फिल्म पाहणे पुरेसे असते. या त्रासाला ‘सायबरसिकनेस’ म्हणतात.

असे का होते? आपला तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो: डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कुठे व किती वेगाने वळले, हे त्या सांगतात. शेजारचे दोन छोटे अवयव सरळ रेषेतला वेगबदल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात. एसटीत पुस्तक वाचताना डोळे म्हणतात ‘स्थिर आहोत’ आणि कान म्हणतो ‘हलतो आहोत’. हेडसेटमध्ये नेमके उलटे घडते. डोळ्यांना आपण उडतोय, धावतोय असे दिसते आणि कानाला काहीच जाणवत नाही. मेंदू या विसंवादाने गोंधळतो. त्यातून मळमळच का व्हावी, याचे एक स्पष्टीकरण मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये मांडले. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ अचानक बिघडण्याचे एक कारण म्हणजे विषबाधा. म्हणून मेंदू पोट रिकामे करण्याचा आदेश देतो, असा त्यांचा तर्क होता.

हा प्रश्न हेडसेटच्याही आधीचा आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये वैमानिकांना मळमळू लागले. नवख्या शिकाऊंपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना हा त्रास जास्त झाला. खरे हेलिकॉप्टर वळताना शरीराला काय जाणवते, हे त्यांच्या मेंदूला पक्के ठाऊक होते. त्यामुळे खोटेपणा त्यांना लवकर बोचला. पुढे १९९३ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी अशा त्रासाच्या मोजमापासाठी १६ लक्षणांची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरात आहे.

व्हीआर फिल्म करणाऱ्याला या शरीरशास्त्रातून काही नियम मिळतात. पहिला नियम कॅमेऱ्याचा. नेहमीच्या सिनेमात कॅमेरा दिग्दर्शकाच्या हाती असतो. ३६० अंशांच्या फिल्ममध्ये कॅमेरा म्हणजे प्रेक्षकाचे डोके. ते दुसऱ्या कुणी वळवले, तर प्रेक्षकाला गरगरणारच. म्हणून कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा आणि बघायचे काम प्रेक्षकावर सोडावे. हलवायचाच असेल, तर सरळ रेषेत आणि एकसमान वेगाने हलवावा. कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. त्यामुळे संथ, एकसारख्या गतीत डोळे आणि कान यांच्यात भांडण कमी होते. क्षितिज तिरके होऊ नये, कॅमेऱ्याची उंची माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावी, हेही त्यातच आले.

दुसरा नियम वेळेचा. पडद्यावरच्या सिनेमाला सेकंदाला २४ चित्रे पुरतात. हेडसेट मात्र सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून अधिक वेळा चित्र बदलतो. मान वळवल्यावर समोरचे दृश्य सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत बदलले पाहिजे. त्याहून उशीर झाला, तर जग मागून फरफटत येत असल्यासारखे वाटते.

तिसरा नियम अंतराचा. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंग त्याच अंतराला जुळवून घेते. हेडसेटमध्ये पडद्याचे प्रकाशीय अंतर साधारण एक-दोन मीटरवर पक्के असते. नाकासमोर आणलेली वस्तू पाहताना डोळे आत वळतात, पण भिंगाला लांबचेच पाहावे लागते. थोड्या वेळात डोके जड होते. म्हणून पात्रे आणि अक्षरे हाताच्या अंतराहून जवळ आणू नयेत.

पण नुसते ‘त्रास झाला नाही’ म्हणजे फिल्म चांगली झाली असे नाही. प्रेक्षक रमलाही पाहिजे. इथे अडचण अशी, की चौफेर दृश्यात महत्त्वाचे काही घडत असताना तो भलतीकडेच पाहत असेल. त्याला गदागदा हलवून उपयोग नाही. हलकी हाक द्यावी लागते. मागून येणारा पावलांचा आवाज, पात्राची नजर, प्रकाशाचा कवडसा यांमुळे मान आपोआप वळते. मान सहजपणे दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत वळते. मुख्य घटना त्याच पट्ट्यात ठेवली, तर प्रेक्षक दमत नाही. दृश्य बदलतानाही, जिथे त्याची नजर होती तिथेच पुढचे महत्त्वाचे काही असले, तर तो हरवत नाही.

२०१५ मधली ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ ही फिल्म पाहा. जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीतली १२ वर्षांची सीरियन मुलगी आपला दिवस सांगते. शाळा, बेकरी, खेळणारी मुले, सगळीकडे कॅमेरा बहुतांशी गप्प उभा आहे. त्या स्थिरपणामुळेच आपण त्यांच्यात बसलो आहोत असे वाटते. त्याच वर्षीच्या ‘हेन्री’ या ॲनिमेशनपटात छोटा साळिंदरासारखा प्राणी मध्येच प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहतो. आपण तिथे आहोत, याची दखल घेतली गेली की मन गुंतते. मुंबईच्या खुशबू रांका यांनी ‘राइट टू प्रे’ या व्हीआर माहितीपटात त्र्यंबकेश्वर मंदिरात प्रवेशासाठी झगडणाऱ्या महिलांमध्ये प्रेक्षकाला नेऊन उभे केले. अशा जागी कॅमेऱ्याने कसरती केल्या असत्या, तर लक्ष महिलांवरून पोटाकडे गेले असते.

हालचाल टाळता येत नसेल, तर इतर उपाय आहेत. कोलंबिया विद्यापीठातील अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवले, की हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा हळूच काळोख्या केल्या तर त्रास कमी होतो. गती आपल्याला मुख्यतः नजरेच्या कडेनेच जाणवते, हे त्यामागचे कारण. पर्ड्यू विद्यापीठात तर चित्रात चक्क एक आभासी नाक बसवून पाहिले. लोकांना अधिक वेळ त्रासाविना राहता आले आणि अनेकांच्या ते नाक लक्षातही आले नाही!

आराम ही चैन नाही, हे रुग्णालयात कळते. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाचे आभासी जग तयार केले. जखमा साफ करताना होणाऱ्या वेदनांवरून लक्ष दूर नेणे हा त्याचा हेतू. रुग्ण त्यात ठरलेल्या वाटेने संथपणे तरंगत जातो. वेदनेत मळमळीची भर पडली, तर उपचाराचा उपयोगच काय? आणखी एक बाब. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले, की स्त्रियांना होणाऱ्या जास्त त्रासामागे मोठे कारण हेडसेटच्या भिंगांमधले अंतर आहे. ते अनेकींच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळतच नव्हते. ‘बायकांनाच चक्कर येते’ म्हणून जो दोष शरीराच्या माथी मारला जातो, तो बराचसा यंत्राचा असतो.

तुम्ही हेडसेट घालणार असाल, तर एवढे सांभाळा. आधी भिंगांमधले अंतर जुळवून घ्या. फिरत्या खुर्चीत बसा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटांच्या, स्थिर कॅमेऱ्याच्या फिल्म निवडा. तोंडाला पाणी सुटले, घाम आला की लगेच थांबा. नेटाने सहन केल्याने त्रास वाढतो. काढल्यावर थोडा वेळ बसून राहा, लगेच दुचाकीला किक मारू नका. फिट येण्याचा किंवा भोवळीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांच्या बाबतीत कंपनीने घातलेली वयाची अट पाळा. आणि एखादी फिल्म पाहून गरगरले, तर आपण कच्चे आहोत असे समजू नका. बहुतेक वेळा आपला कान खरे बोलत असतो आणि फिल्म करणाऱ्याने त्याचे ऐकलेले नसते.