जागा थोडी, जपायचं फार

मैत्रिणींनो, २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. बचत गटाच्या ऑफिसातल्या एकुलत्या कॉम्प्युटरला आगही लागावी लागत नाही. हार्ड डिस्क बसली, की हप्ते, व्याज, सभासदांच्या याद्या सगळं गेलं!

"बॅकअपला जागाच नाही हो ताई," असं ऐकू येतं. मग आधी जागा खातं कोण ते बघा. हिशेबाची फाईल दोन-चार एमबीची. हळदीकुंकवाचा एकेक फोटोच चार एमबीचा! असे हजार फोटो म्हणजे चार जीबी. त्यातले पन्नास ठेवा, बाकीच्यांना निरोप द्या.

हिशेबाला मात्र हात आखडता नको. सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर करा. या सोमवारची प्रत मागच्या सोमवारच्या जागी बसते, जागा वाढत नाही. रोज एकाच प्रतीवर नवी चढवली, तर चुकलेली नोंदही इमानेइतबारे जपली जाते. महिनाअखेरची प्रत वेगळी. मार्चअखेरची तर पुसायचीच नाही.

आपल्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपापासून सुरू झालेली विप्रो पुढे कॉम्प्युटरात गेली. आपल्याला एवढं जमायला काय हरकत आहे?

पेनड्राइव्ह दोन घ्या, पासवर्ड घाला. एक ऑफिसात, एक अध्यक्षांच्या घरी, शनिवारी अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडलीच नाही, तर ती प्रत कसली!