तवंगात न येणारी चरबी

जुळे सोलापुरातील आमच्या घरी एका रविवारी मटण शिजत होते. फोडणी अजून पडायची होती. नुसते हळद-मीठ घालून शिजवलेल्या अळणी पाण्यावर सोनेरी तवंग जमला होता. शेजारचा नववीतला मुलगा म्हणाला, "काका, हा तवंग काढून वजन केले तर मटणात चरबी किती होती ते कळेल ना?" मी चटकन "हो" म्हटले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसू लागले. माझे उत्तर चुकले होते. कोठे चुकले ते पाहू.

प्राण्यांच्या ऊतींत स्निग्ध पदार्थ दोन प्रकारे असतात. एक साठवणीचा मेद. तो कातडीखाली आणि मांसाच्या धाग्यांच्या मध्ये साठलेला असतो. उष्णतेने तो वितळतो आणि पाण्यापेक्षा हलका असल्याने वर तरंगतो. हाच आपला तवंग. दुसरे स्निग्ध पदार्थ प्रत्येक पेशीच्या पटलात असतात. त्यांना फॉस्फोलिपिडे म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर उरलेला भाग पाणी टाळतो. शिवाय पटलात ते प्रथिनांना बिलगून बसलेले असतात. ऊत कितीही उकळा, त्यांतील बहुतेक तेथेच राहतात. मेंदूचेच पाहा. त्यात साठवणीचा मेद जवळजवळ नसतो, तरी पाणी वगळल्यास त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. तवंगावर विश्वास ठेवला, तर मेंदूत चरबी नाहीच असे म्हणावे लागेल!

मग हे पदार्थ बाहेर काढायचे कसे? ईथरमध्ये साठवणीचा मेद छान विरघळतो. जर्मन शास्त्रज्ञ सॉक्सलेट यांनी १८७९ साली अशा कामासाठी बनवलेले काचेचे उपकरण आजही वापरात आहे. पण ओल्या ऊतीत ईथर नीट शिरत नाही आणि प्रथिनांची मिठीही त्याला सोडवता येत नाही. ते काम अल्कोहोल करते.

ही दोन्ही कामे एकत्र साधणारी कृती फोल्च, लीस आणि स्लोन स्टॅन्ली यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. फोल्च मूळचे बार्सिलोनाचे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात ते मेंदूच्या रसायनावर काम करीत, म्हणून ही अडचण त्यांच्यापुढे रोजचीच होती. एक ग्रॅम ऊत घेऊन ती २० मिलिलिटर द्रावकात बारीक घोटायची. द्रावकात दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉल. मिथेनॉल बंध सोडवते, क्लोरोफॉर्म विरघळवून घेते. मग ते गाळायचे. गाळलेल्या द्रवात स्निग्ध पदार्थांबरोबर साखर, क्षार, अमिनो आम्ले अशी नको ती मंडळीही आलेली असतात.

आता गंमत आहे. या द्रवात सुमारे ४ मिलिलिटर पाणी घालायचे. स्निग्ध पदार्थ मिळवायचे आणि त्यात पाणी? पण पाणी पडताच द्रव गढूळ होतो आणि थोड्या वेळाने त्याचे दोन थर होतात. मिथेनॉल बहुतांशी पाण्याबरोबर जाते आणि साखर, क्षार त्यांच्यामागोमाग. क्लोरोफॉर्म वेगळे पडते. त्याची घनता १.४९, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणून ते खाली बसते आणि स्निग्ध पदार्थांनाही खाली नेते. रश्श्यात वर तरंगणारी चरबी येथे तळाशी सापडते! साध्या पाण्याऐवजी किंचित खारे पाणी घेतात, नाहीतर काही स्निग्ध पदार्थ वरच्या थरात निसटतात. खालचा थर काढून, नायट्रोजनच्या झोताखाली क्लोरोफॉर्म उडवून, उरलेल्याचे वजन करतात. हवा वापरली तर नाजूक रेणू खवट होतात.

दोनच वर्षांनी, १९५९ साली, कॅनडात ब्लाय आणि डायर यांनी कॉड माशासाठी याची आटोपशीर आवृत्ती काढली. माशाच्या अंगचे पाणी त्यांनी हिशेबात धरले, त्यामुळे द्रावक खूपच कमी लागला. मात्र मेद जास्त असलेल्या ऊतीत ही पद्धत कमी मोजते. तेथे फोल्चचीच बरी.

एक सूचना. मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते आणि क्लोरोफॉर्म यकृताला घातक आहे. ही कामे वायुवीजन असलेल्या कपाटात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच होतात.

मी त्या मुलाकडे जाऊन चूक कबूल केली. त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग डेअरीत दुधाचे फॅट काढतात तेव्हा क्लोरोफॉर्म का लागत नाही?" या वेळी मी विचार करून उत्तर दिले. दुधातील स्निग्धांशापैकी सुमारे ९८ टक्के भाग पहिल्या प्रकारचा, थेंबांच्या रूपातला असतो. जुन्या पद्धतीत सल्फ्युरिक आम्लाने प्रथिने विरघळवून नळी गरगर फिरवली की तो वर येतो. दुधाच्या बाबतीत तवंग फारसे खोटे बोलत नाही.