गावची जत्रा आणि शोभेचे दारूकाम : पूर्वतयारीचे शास्त्र

ग्रामदैवताची पालखी देवळात परतली, मानकऱ्यांचे मान पार पडले, की जत्रेला जमलेल्या हजारो डोळ्यांची वाट पाहणे सुरू होते. थोड्याच वेळात पहिला बाण सळसळत वर जातो, आकाशात रंगीत फुले उमलतात आणि लहानथोर सारे काही क्षण आपली विवंचना विसरतात. महाराष्ट्राच्या अनेक गावांत शोभेच्या दारूकामाशिवाय जत्रा पुरी झाली असे मानलेच जात नाही. परंतु हा अर्ध्या तासाचा आनंद निर्विघ्न पार पडावा म्हणून आधीचा किती काळ कोणती तयारी करावी लागते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. जत्रा समितीच्या बैठकीत वर्गणी किती आणि दारूकाम कितीचे, एवढीच चर्चा होते. प्रथमच असा कार्यक्रम योजणाऱ्या गावांना त्याचे साहित्य, साधने व नियम यांची ओळख व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी परंपरा

शोभेच्या दारूची आवड आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान अभिरक्षक कै. प. कृ. गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास परिश्रमपूर्वक संकलित केला आहे. पेशव्यांच्या बखरीतील एक मनोरंजक हकीकत त्यात आढळते. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत ‘दारूची लंका’ कशी उभारतात, रावण, राक्षस व वानर दारूचेच कसे करतात आणि शेपटी पेटलेला मारुती ती लंका कसा जाळतो, याचे वर्णन महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना ऐकविले; तेव्हा बालपेशव्यांनी तसाच देखावा पुण्यात पर्वतीजवळ करविला, असे बखरकार सांगतो. त्या काळी हे काम पिढीजात कसबी लोकांचे होते. आज देशातील फटाक्यांचे प्रमुख उत्पादन तामिळनाडूतील शिवकाशी व तिच्या परिसरात होते.

दारू जळते कशी?

साधनांची निवड करण्यापूर्वी त्यामागील विज्ञान थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल. लाकूड वा कागद जळण्यासाठी हवेतील प्राणवायू लागतो. म्हणूनच पेटलेल्या वस्तूवर घोंगडी टाकली की हवा तुटते आणि आग विझते. शोभेच्या दारूचे तसे नाही. जुन्या काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा हे तीन घटक असतात. त्यांपैकी सोरा तापला की स्वतःच प्राणवायू पुरवितो. दारू आपला प्राणवायू आपल्या पोटातच बाळगते म्हटले तरी चालेल. म्हणून ती बंद नळीतही जळते आणि झाकून ठेवल्याने विझत नाही.

रंगांचे गमक धातूंच्या क्षारांत आहे. स्ट्राँशियमच्या क्षारामुळे तांबडा, बेरियममुळे हिरवा, सोडियममुळे पिवळा आणि तांब्याच्या क्षारामुळे निळा प्रकाश मिळतो. ॲल्युमिनियमच्या भुकटीने झगझगीत पांढरा प्रकाश पडतो, तर लोखंडाच्या कणांनी फुलबाजीच्या सोनेरी ठिणग्या उडतात.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. घर्षण, आघात, ठिणगी किंवा उष्णता यांपैकी कोणतेही एक कारण या मिश्रणाला पेटण्यास पुरेसे असते आणि एकदा पेटल्यावर ते माणसाच्या आवाक्यात राहत नाही.

घरगुती प्रयोग नकोत

गावातील काही उत्साही तरुणांना आपणच दारू तयार करावी, असे वाटते. कधी खर्च वाचविण्याची दृष्टी असते, कधी निव्वळ हौस. याबाबत पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी निःसंदिग्ध भूमिका घेतली पाहिजे. विस्फोटक अधिनियम, १८८४ व त्याखालील विस्फोटक नियम, २००८ यांनुसार परवान्याशिवाय फटाके तयार करणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. गंधक व क्लोरेट यांच्या मिश्रणावर तर १९९२ पासून बंदी आहे, कारण ते अल्प घर्षणानेही भडकू शकते. शिवकाशीजवळील मुदलीपट्टी येथे ५ सप्टेंबर २०१२ रोजी झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. तो फटाक्यांचा कारखाना होता. जेथे नित्याचे कामगार आहेत तेथे असे घडते, तर घराच्या ओसरीवर काय घडू शकेल, हे वेगळे सांगावयास नको.

मग मुलांच्या जिज्ञासेचे काय? ती दडपण्याचे कारण नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तारेच्या टोकाला मिठाचा किंवा मोरचुदाच्या द्रावणाचा थेंब घेऊन तो बर्नरच्या ज्योतीत धरला, तर ज्योतीचा रंग बदलतो. आकाशातील रंगांचे रहस्य या एका प्रयोगात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पूर्णपणे उलगडते. हौसेचा प्रारंभ येथून व्हावा.

परवाना : पहिली पायरी

सार्वजनिक दारूकामासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक असतो. अर्ज पुरेसा आधी करावा, कारण पोलीस व अग्निशमन यंत्रणेचे अभिप्राय येण्यास अवधी लागतो. दारूकाम करणारी व्यक्ती परवानाधारक व अनुभवी असल्याची खातरजमा समितीने स्वतः कागदपत्रे पाहून करावी. फटाक्यांच्या सुरक्षिततेवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथेच आहे.

वेळेचे बंधनही ध्यानात ठेवावे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजविण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र मानले जाते. फटाका फुटल्या जागेपासून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलहून अधिक नसावा, अशी मर्यादा १९९९ मध्ये घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या आदेशात बेरियमचे क्षार वापरण्यास व फटाक्यांच्या माळांना मनाई केली, आणि घरोघरी फटाके उडविण्यापेक्षा एका ठरावीक जागी सामुदायिकरीत्या ते उडविण्याची कल्पना पुढे मांडली. पंचायतींनी ही सूचना मनावर घ्यावी.

साहित्याची निवड

माल परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा. पेटीवर उत्पादकाचे नाव व वापराच्या सूचना छापलेल्या आहेत की नाहीत, हे पाहावे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, कमी प्रदूषण करणारे हरित फटाके विकसित केले असून ते २०१९ मध्ये बाजारात आले. त्यांतून निघणाऱ्या धूलिकणांचे प्रमाण किमान ३० टक्क्यांनी कमी असते. ‘हरित’ म्हणजे ‘निर्धोक’ असा मात्र अर्थ नव्हे. पोळण्याची शक्ती त्यांतही तेवढीच असते.

प्रथमच कार्यक्रम करणाऱ्या गावाने भुईनळे, भुईचक्रे, फुलबाज्यांची झाडे अशा जमिनीवरील प्रकारांपासून सुरुवात करावी. उखळीतून आकाशात जाणारे गोळे ही पुढची पायरी होय. ओलसर, फुटलेला किंवा गतवर्षीचा उरलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

जागा आणि अंतर

सारी सुरक्षितता अखेर अंतरावर अवलंबून असते. मैदान मोकळे, गवत कापलेले आणि गंजी, झोपड्या व विजेच्या तारा यांपासून दूर असावे. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संहितेत एक सोपा हिशेब दिला आहे : उखळीच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट अंतर. ३ इंची उखळी असेल, तर प्रेक्षक किमान २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर दूर हवेत. आपल्याकडे परवान्यात नमूद केलेले अंतर बंधनकारक असते. तथापि मैदान पुरेसे आहे किंवा नाही, याचा प्राथमिक अंदाज या हिशेबाने घेता येईल. वारा प्रेक्षकांच्या दिशेने वाहत असेल, तर जागा बदलावी. जागा बदलता येत नसेल, तर कार्यक्रम थांबवावा.

साठ्याची जागा दारूकामाच्या जागेपासून वेगळी व दूर असावी. केरळमधील पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले, ते पेटता तुकडा साठ्यावर पडल्यामुळे. जिल्हा प्रशासनाने त्या दारूकामास परवानगी नाकारली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याच राज्यात नीलेश्वर येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्सवाच्या वेळी साठ्याने पेट घेऊन दीडशेहून अधिक लोक जखमी झाले.

जत्रेत फटाक्यांची तात्पुरती दुकाने असतील, तर त्यांचे नियमही कडक आहेत. दुकाने न जळणाऱ्या सामानाची असावीत, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर असावे, ती समोरासमोर नसावीत, एका ठिकाणी ५० हून अधिक नसावीत आणि तेथे तेलाचा दिवा वा उघडी ज्योत असू नये. दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडविण्यास मनाई आहे.

साधनांची यादी

दारूकाम करणाऱ्याचे साहित्य तो स्वतः आणतो. समितीने पुढील साधने सज्ज ठेवावीत :

१. पाण्याचे भरलेले पिंप, बादल्या आणि वाळूच्या बादल्या. शक्य असल्यास पाण्याचा टँकर.
२. प्रेक्षकांना अडविण्यासाठी बांबू व दोरखंड.
३. पेटविण्यासाठी लांब काठीला बांधलेली उदबत्ती, काडेपेटी नको.
४. पेटविणाऱ्यांसाठी संरक्षक चष्मे, कानात घालावयाचे बोळे, बंद जोडे आणि जाड सुती कपडे. नायलॉनचे कपडे पेटल्यावर वितळून कातडीस चिकटतात, म्हणून ते वर्ज्य.
५. विजेऱ्या व ध्वनिक्षेपक.
६. प्रथमोपचार पेटी आणि जवळच उभे असलेले वाहन.

न उडालेल्या बाणावर किंवा उखळीवर कोणीही वाकून पाहू नये. किमान अर्धा तास थांबून जाणत्या माणसाने तो माल पाण्यात बुडवावा. दुसऱ्या दिवशी उजाडताच मैदान धुंडाळून न उडालेले गोळे गोळा करावेत. अन्यथा ते मुलांच्या हाती लागतात. साठ्यालाच आग लागली, तर ती विझविण्याच्या खटपटीत न पडता लोकांना दूर न्यावे व १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. दारूला बाहेरचा प्राणवायू लागत नाही, हे मागे सांगितलेच आहे.

भाजल्यास जखमेवर किमान २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, तूप, हळद किंवा दंतमंजन लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. डोळ्यास इजा झाल्यास तो न चोळता हलके आच्छादन ठेवून रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

समितीची जबाबदारी

या सर्व तयारीस खर्च येतो, ही गोष्ट खरी. वर्गणी मर्यादित असते आणि शेजारच्या गावापेक्षा आपले दारूकाम मोठे व्हावे, ही ईर्ष्याही असते. तथापि पिंपे, दोरखंड व चष्मे यांच्यासाठी चार बाण कमी उडाले, तर जत्रेची शोभा उणावत नाही. समितीने दारूकाम थांबविण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीस आधीच लेखी द्यावा. ऐनवेळी वारा फिरला किंवा गर्दीने दोर ओलांडला, तर ‘थांबा’ म्हणणारा एक आवाज हवा आणि तो सर्वांनी मानला पाहिजे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मुलांना रात्रीच्या रंगांची आठवण असावी आणि गावातील प्रत्येक माणूस आपल्या घरी सुखरूप असावा. दारूकाम यशस्वी झाले, हे याच कसोटीवर ठरवावयाचे असते.