वॉर्सातलं ‘मूनशाइन’
(लांब गाण्यांची गोष्ट : लेखांक नववा)

मागच्या लेखांकात आपण १९८३च्या इंग्लंडमध्ये थांबलो होतो. मॅरिलियन या बँडचा ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ हा अल्बम त्या वर्षी आला आणि पंकनं मोडीत काढलेलं लांब गाणं पुन्हा चर्चेत आलं. या दुसऱ्या लाटेला निओ-प्रोग्रेसिव्ह, थोडक्यात निओ-प्रोग म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या लाटेतल्या मंडळींना वादनातली करामत दाखवायची हौस होती. या नव्या पोरांनी ती बरीच आवरली, सिंथेसायझरचे रुंद स्वर मागे पसरून ठेवले आणि गिटारला घाई करू दिली नाही. गाण्याची चाल ऐकणाऱ्याच्या ओठांवर राहील, याकडेही त्यांचं लक्ष असे. नव्वदचं दशक उजाडेपर्यंत इंग्लंडमध्ये या संगीताला फारसं कुणी विचारेनासं झालं. पोलंडमध्ये मात्र ते रुजलं आणि टिकलं.

यामागचं सर्वांत मोठं कारण मला रेडिओ वाटतं. डिसेंबर १९८१मध्ये पोलंडवर लष्करी कायदा लादला गेला. पाश्चात्त्य रेकॉर्ड दुकानात सहज मिळत नसत आणि मिळाल्या तरी पगारात परवडत नसत. पण पोलिश रेडिओवर, विशेषतः ‘त्रुइका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्या केंद्रावर, प्योत्र काच्कोव्स्कींसारखे निवेदक हे संगीत मनापासून वाजवत. अख्खी रेकॉर्ड मध्ये न बोलता लावली जाई आणि घरोघरी लोक ती टेप करून घेत. चाळीस मिनिटांचं संगीत एकसंध ऐकायची सवय अशी एका पिढीच्या कानांना लागली. सिंगल आणि हिट गाण्यांच्या बाजारात वाढलेल्या कानांना ती सहसा लागत नाही.

‘कोलाज’ हा बँड याच पिढीचा. १९८५च्या सुमारास वॉर्सामध्ये गिटारवादक मिरोस्वाव गिल आणि ड्रमवादक वोइचेख शाद्कोव्स्की यांनी तो उभा केला. पहिला अल्बम ‘बाश्न्ये’, म्हणजे परीकथा, १९९०मध्ये आला. तो पोलिशमध्ये होता. मग गायक बदलला, रॉबर्ट अमिरियन आला, आणि १९९३मध्ये या मंडळींनी जॉन लेननच्या नऊ गाण्यांचा अल्बम केला. दुसऱ्याची गाणी आपल्या घाटात बसवताना त्यांचा हात साफ झाला असावा, कारण पुढच्याच वर्षी, १९९४मध्ये, ‘मूनशाइन’ आला. तो हॉलंडच्या ‘एसआय म्युझिक’नं युरोपभर पोचवला. भाषा आता इंग्रजी होती.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि सगळी मिळून सत्तर मिनिटांच्या आसपास भरतात. पहिलं ‘हीरोज क्राय’ तसं आटोपशीर आहे. खरी मैफल सुरू होते ती दुसऱ्या ‘इन युअर आइज’पासून, आणि ते चौदा मिनिटांहून मोठं आहे. ख्याल ऐकणाऱ्या आपल्या वाचकांना चौदा मिनिटांचं काय अप्रूप, असं कुणी म्हणेल. पण ख्यालाची बढत गायकाला त्या क्षणी सुचत जाते. इथे एकेक स्वर आधी लिहून, घोटून बसवलेला आहे. त्यामुळे लांबीला कारण द्यावं लागतं, नाहीतर ती नुसता फुगवटा होते. कोलाजनं दिलेलं कारण म्हणजे गाण्याची टप्प्याटप्प्यानं होणारी चढण. कीबोर्डवर एक साधी सुरावट येते आणि अमिरियन ती जवळजवळ बोलल्यासारखी गातो. मग ठेका बदलतो, शाद्कोव्स्कीचे ड्रम जड होतात आणि तीच भावना वेगळ्या उजेडात पुन्हा दिसते. गिलची गिटार बरीच उशिरा मोकळी सुटते. त्याच्या सोलोत वेगाची प्रौढी नाही. तो एक स्वर धरून ठेवतो, ताणतो आणि त्याला विरू देतो. तोवर क्शिश्तोफ पाल्चेव्स्कीचे कीबोर्ड खालची जमीन सरकवतात, म्हणजे स्वर तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो. सोलो संपतो तेव्हा आपण सुरुवातीपासून किती दूर आलो ते जाणवतं.

‘विंग्ज इन द नाइट’ आणि शीर्षकगीत हीसुद्धा दहा मिनिटांच्या पुढची आहेत. मधल्या ‘लव्हली डे’नं मात्र मला कधीच धरून ठेवलं नाही. शेवटच्या ‘वॉर इज ओव्हर’चं नाव थेट लेनन आणि योको ओनोच्या शांतता-फलकांची आठवण करून देतं. आदल्याच वर्षी लेनन गाणाऱ्या बँडकडून हे केवळ योगायोगानं झालं असेल, असं मला वाटत नाही.

कोलाजवर एक आरोप कायम झाला : ही मॅरिलियनची नक्कल आहे. त्यात तथ्य आहे. गिलच्या वादनावर मॅरिलियनचा गिटारवादक स्टीव्ह रॉदरीची सावली लपत नाही. पण गायक फिशच्या काळातलं मॅरिलियन शब्दबंबाळ होतं. तिथे गाणं त्याच्या कवितेमागे धावायचं. ‘मूनशाइन’मध्ये उलट आहे. इंग्रजी शब्द बेताचेच, कुठे कुठे तर शालेय, आणि खरं बोलतात ती वाद्यं. दुसरा फरक दुःखाच्या जातीचा. इंग्रजी बँडांच्या दुःखात उपरोध असतो, थोडं नाटक असतं. इथलं दुःख सरळ आहे, त्याला स्वतःची लाज वाटत नाही. काहींना ते फार गोड वाटतं. मलाही तिसऱ्यांदा सलग ऐकताना वाटतं.

मुखपृष्ठावर ज्झिस्वाव बेक्शिन्स्कींचं चित्र आहे. १९२९ साली सानोकला जन्मलेला हा चित्रकार भयाण, स्वप्नवत भूदृश्यं रंगवी, चित्रांना नावं देत नसे आणि काम करताना मोठ्या आवाजात संगीत लावून ठेवी. त्यांचा मुलगा तोमाश रेडिओवर निवेदक होता. इंग्रजी गाण्यांची पोलिश भाषांतरं तो ऐकणाऱ्यांना वाचून दाखवी. बाहेरून आलेलं संगीत पोलंडनं आपलंसं केलं, त्यात अशा माणसांचा वाटा फार मोठा.

पुढे फार काळ सुखाचा गेला नाही. १९९५ नंतर बँड विस्कटला. शाद्कोव्स्कीनं ‘सॅटेलाइट’ काढला आणि त्यात अमिरियनच गायला; गिलनं ‘बिलीव्ह’ उभारला. कोलाजच्या नावावर नवा स्टुडिओ अल्बम, ‘ओव्हर अँड आउट’, यायला २०२२ उजाडलं. त्यात गायक आणि गिटारवादक दोघेही नवे आहेत, शीर्षकगीत वीस मिनिटांहून मोठं आहे आणि ‘मॅन इन द मिडल’ या गाण्यात पाहुणा म्हणून गिटार वाजवली आहे खुद्द स्टीव्ह रॉदरीनं.

पुढच्या आठवड्यात इनोव्रोत्सवावचा बँड ‘क्विडाम’. तिथे बासरी आहे, आणि पहिल्या काही अल्बमांवर एमिला देर्कोव्स्काचा आवाज.