हौशी सृष्टिनिरीक्षक आणि त्यांची टिपणे

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधील अनेक गावी निसर्गाभ्यासाची हौशी मंडळे निघाली. १८३१ साली स्थापन झालेला बर्विकशायर नॅचरलिस्ट्स क्लब हे त्यांचे आरंभीचे उदाहरण होय. ठरल्या दिवशी सभासदांनी रानात हिंडावे, आढळले ते ओळखावे आणि त्याचा वृत्तांत छापावा, असा त्यांचा क्रम असे. यात करमणुकीचा भाग मोठा होता, हे खरे. तथापि वृत्तांत छापला गेल्यामुळे एकाचे निरीक्षण दुसऱ्याला तपासून पाहता येऊ लागले, आणि हौसेचे शास्त्रात रूपांतर होण्याची वाट तेथूनच निघाली.

मुंबई इलाख्यात ही प्रथा १८८३ मध्ये आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आठ गृहस्थ भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जमले व त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. पहिले प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. दुसरे वैद्यकाबरोबरच वनस्पतिशास्त्राचे जाणकार. महिन्यातून एकदा भेटावे, नमुने दाखवावेत, टिपणांची देवघेव करावी, एवढाच आरंभीचा संकल्प होता. पुढल्याच वर्षी मद्याचे व्यापारी फिप्सन यांनी आपल्या पेढीतील एक खोली मंडळाला दिली. १८८६ मध्ये मंडळाचे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा डॉ. सखाराम अर्जुन हयात नव्हते.

या नियतकालिकामुळे मंडळाचे स्वरूपच पालटले. मुंबईच्या बैठकीला येऊ न शकणारे जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलकी, जंगल व लष्करी अधिकारी आता त्याचे वार्ताहर झाले. फिरती ही त्यांच्या नोकरीची अट होती, आणि तीच निरीक्षणाची संधी ठरली. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८९० मध्ये त्यांनी उत्तर कानडातील विषारी सर्पांची यादी प्रसिद्ध केली व तीतच इलाख्यातील सर्पदंशाच्या सरकारी आकड्यांतील उणिवा दाखविल्या. फुरसे लहान, नागासारखा त्याचा दरारा नाही. पण जेथे त्याची संख्या मोठी, तेथे दंशाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज भारतात बनणारी बहुगुणी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालते, हे लक्षात घेता त्या निरीक्षणाचे मोल कळते. सरकारी तक्त्याला प्रश्न विचारण्याचे धाडस येथे एका सरकारी नोकरानेच केले, तेही हौसेच्या व्यासपीठावरून!

वनस्पतींच्या बाबतीतही हेच घडले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो यांची पश्चिम भारतातील वनस्पतींची यादी याच नियतकालिकातून १८९७ पासून क्रमशः आली. पाठोपाठ थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पुरा झाला. त्यात ‘दक्षिण मराठा मुलूख’ हा स्वतंत्र विभाग आहे. २००२ साली यादव व सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. अशा कामात जुनी नोंद आणि आजचा नमुना समोरासमोर ठेवावेच लागतात.

मात्र या टिपणांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वार्ताहर बहुधा नोकरीच्या गावाभोवती, मळलेल्या रस्त्यांलगत व सोयीच्या ऋतूत हिंडत. एखादी जाती यादीत नाही म्हणून ती त्या काळी तेथे नव्हती, असे अनुमान काढणे धोक्याचे होय. शिवाय, वाट दाखविणारे शिकारी, झाडपाला ओळखणारे माळी व कातकरी, यांच्या ज्ञानावाचून कित्येक नमुने हातीच लागले नसते. नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव व तारीख येते, साहेबाचे नाव येते; ज्याने फांदी तोडून आणली त्याचे नाव क्वचितच येते.