निस्टॅटिन
मृदेतील स्ट्रेप्टोमायसीज नौर्सेई या सूक्ष्मजंतूपासून मिळणारा कवकनाशक प्रतिजैव पदार्थ. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी लावलेला त्याचा शोध १९५० मध्ये जाहीर झाला. न्यूयॉर्क राज्यावरून त्यास हे नाव मिळाले. बुरशीच्या कोशिकापटलातील एर्गोस्टेरॉलाशी त्याचे रेणू बद्ध होतात. पटलास छिद्रे पडून पोटॅशियम आयन बाहेर झिरपतात व कोशिका मरते. सूक्ष्मजंतूंच्या पटलात सामान्यतः स्टेरॉले नसल्याने त्यांना त्याची बाधा होत नाही. मानवी कोशिकांतील कोलेस्टेरॉलाशी त्याचा बंध दुर्बल असला, तरी रक्तात गेल्यास ते विषारी ठरते. म्हणून ते अंतःक्षेपणाने देत नाहीत. आतड्यातून त्याचे शोषण जवळजवळ होत नसल्याने मुख, आतडे व त्वचा यांच्या कँडिडा-संसर्गावर ते वापरतात. फ्लॉरेन्स येथील १९६६ च्या महापुरानंतर चित्रांवरील बुरशी नष्ट करण्यासाठीही त्याचा उपयोग झाला.